डार्विनची हजेरी

मी सव्वा वर्ष डार्विनला शिकवून आले म्हटलं की मेलबर्नमधली मराठी मंडळी आधी उकाड्याबद्दल विचारतात, मग मगरींबद्दल. मगर मी एकच पाहिली, तीही काचेमागे. मी तिथे नेमकं काय करत होते हे सहसा कोणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगते आहे.

मी मित्रा, मूळची नाशिकरोडची. मेलबर्नला शिकायला आले, शिक्षकाची पदवी घेतली, आणि पदवी हातात पडली तेव्हा शहराला कुलूप लागलेलं. शाळा लॅपटॉपवर चालल्या होत्या, नव्या बाईला कोण विचारणार? डँडेनॉन्ग उपनगरातल्या एका गोदामात मी खोकी भरत होते. तेवढ्यात डार्विनच्या एका सरकारी शाळेचा फोन आला. सातवीचं गणित, एका टर्मपुरतं. दहा आठवडे. पुढच्या वर्षीचं डिसेंबरात बघू, असं मुख्याध्यापक ब्रेट म्हणाले. मी बॅग भरायला अर्धा दिवसही लावला नाही.

चौदा दिवस

मेलबर्नहून येणाऱ्याला तेव्हा डार्विनला थेट पाऊल ठेवता येत नव्हतं. शहराबाहेर गॅस प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या होत्या, तिथे चौदा दिवस ठेवत. पत्र्याची खोली, पुढे चार पावलांचा व्हरांडा, आणि व्हरांड्यात बसायचं तर तोंडाला मास्क. जेवण कागदी पिशवीत दाराबाहेर येई. पहिल्या दिवशी उकडलेला भात आणि त्यावर उकडलेली ब्रोकोली होती. मी बॅगेतून आईचं काळं तिखट काढलं आणि परमेश्वर नाही तर निदान नाशिक तरी जवळ आहे असं वाटलं.

ब्रेटने ईमेलवर वर्गाची यादी पाठवली होती. तेवीस नावं, फोटो नाहीत. मी ती पाठ करायला घेतली. नुसती पहिली नावं नाहीत, आडनावासकट पूर्ण. या बाबतीत मी जरा हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे.

माझ्या आजोबांचं नाव धोंडीराम. गावात त्यांना धोंडीराम कोणी म्हटलं नाही. वरच्या आळीतली शेंबडी पोरंसुद्धा 'ए धोंड्या' म्हणून हाक मारायची. पुढे ते रेल्वेत लागले. पहिल्या दिवशी मुकादमाने हजेरी घेताना 'धोंडीराम सखाराम' असं खणखणीत पुकारलं, पुढे आडनावासकट, आणि आजोबांना क्षणभर कळेना की हे आपल्यालाच बोलावतायत. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की आम्ही नातवंडं पुढचं वाक्य आधीच म्हणायचो. मग ते म्हणत, 'हजर.' तेही त्या दिवशी म्हटलं तसंच, छाती काढून. आई महापालिकेच्या शाळेत बाई होती. तिनेही तीस वर्षं पोरांची हजेरी पूर्ण नावाने घेतली. आमच्या घरात पूर्ण नाव घेणं म्हणजे माणसाला मान देणं.

म्हणून मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत तेवीस नावं घोकत होते. शेजारच्या खोलीत डॅरेन नावाचा वायरमन होता. पाचव्या दिवशी त्याने मास्कमागून विचारलं, "मेट, ही तुमची प्रार्थना आहे का?"

"साधारण तसंच," मी म्हणाले.

"नो वरीज. अकरावं नाव छान आहे."

अकरावं नाव मलाही आवडलं होतं. म्हणताना तोंडात घोळायचं.

पहिला तास

चौदा दिवसांनी बाहेर आले तर गावात साथ नावाचं काही नव्हतंच. लोक पबमध्ये खांद्याला खांदा लावून बसलेले. मी एकटी मास्क लावून बसस्टॉपवर, आणि येणारेजाणारे माझ्याकडे 'ही कुठून आली' अशा नजरेने बघत होते. तिसऱ्या दिवशी मास्क पर्समध्ये गेला.

ऑक्टोबरचं डार्विन म्हणजे पाऊस येणार येणार म्हणत न येण्याचा मोसम. सकाळी आठला साडीचा पदर पिळावा इतका घाम येतो. मी साडी नेसत नव्हते, पण घामाचा हिशेब मला त्याच भाषेत कळतो. वर्गात मात्र एसी इतका थंड की पोरं जाकीट घालून बसायची.

माझ्या वर्गात मदतनीस म्हणून रोझ नावाच्या बाई होत्या. वय साठीच्या आसपास, पायात रबरी चपला, आवाज हळू. सगळी शाळा त्यांना आँटी रोझ म्हणायची, ब्रेटसुद्धा. कामावरच्या बाईला मावशी म्हणणारी मी, मला ते फारच घरचं वाटलं. आँटी रोझ आणि वर्गातली जवळपास निम्मी मुलं अॅबोरिजिनल होती, म्हणजे या देशाची मूळ माणसं. त्यांच्याबद्दल मी पदवीच्या वेळी दोन निबंध लिहिले होते आणि दोन्हींना उत्तम गुण मिळाले होते. तेवढ्या भांडवलावर मी वर्गात शिरले.

हातात कागद न घेता मी तेवीस नावं पूर्ण घेतली. वर्ग चकित झाला. "मिस, तुम्हाला कसं माहीत?" चष्मेवाली एक मुलगी म्हणाली. मग कोणीतरी विचारलं की तुमच्या शाळेत 'प्रेझेंट' म्हणायचे की 'हिअर'. मी म्हणाले, "आम्ही म्हणायचो, हजर, बाई."

झालं. दुसऱ्या दिवसापासून हजेरी म्हणजे दंगा झाला. कोणी 'हाजा बाय' म्हणे, कोणी 'हजारबा'. फक्त अकराव्या नावाच्या मुलीने पहिल्याच दिवशी नेमकं म्हटलं. उंच, लांब हातपायांची, फुटबॉलचे बूट लेस बांधून गळ्यात अडकवलेले. ती उभी राहिली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "हजर, बाई." मला आजोबा आठवले. रोज तिची पाळी आली की मी नाव जरा जास्तच सुरात घ्यायची.

तिनेच मला गावातले आंबे दाखवले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डार्विनच्या रस्त्यांवर आंब्यांचा सडा पडलेला असतो आणि लोक त्यावरून गाडी घालून जातात. हे पाहून मराठी माणसाचा जीव किती तुटतो हे वेगळं सांगायला नको. शाळेमागच्या झाडाच्या कैऱ्या मी उडी मारून तोडायला गेले आणि फांदीवरच्या हिरव्या मुंग्या बाहीत शिरल्या. मी नाचत असताना ती शांतपणे एक मुंगी पकडून म्हणाली, "मिस, बूड चाटा. लिंबासारखं लागतं." खरंच लागलं. आपल्या गडचिरोलीकडे तांबड्या मुंग्यांची चटणी करतात हे मी तिला सांगितलं, तर तिने माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने बघितलं. त्या कैऱ्यांचं मी तिखट लोणचं घातलं, तेल सूर्यफुलाचंच मिळालं, पण चाललं.

फळा

पाचव्या आठवड्यात ती येईनाशी झाली. ऑफिसचा ईमेल आला की कुटुंब 'सॉरी बिझनेस'साठी गेलं आहे. म्हणजे घरात मृत्यू झाला आहे, सुतक आहे, एवढं मला ठाऊक होतं. कोण गेलं हे मी विचारलं नाही. मला वाटलं, परत आली की बोलू.

आमच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि उपस्थिती लिहायचे, खाली गैरहजर मुलांची नावं. ती पद्धत मी इथेही सुरू केली होती. दोन आठवडे तिचं नाव तिथे होतं. रोज सकाळी मी ते नव्याने, नीट अक्षरात लिहीत होते. आज वाटतं, त्या वेळी वर्गातल्या काही मुलांनी फळ्याकडे बघणं बंद केलं होतं. मी त्याला एसीची सुस्ती समजत होते.

मग एका सोमवारी ती आली. केस बारीक कापलेले. मला इतका आनंद झाला की यादीत तिची पाळी यायची वाटसुद्धा न बघता मी तिचंच नाव आधी घेतलं, पूर्ण, सुरात. ती उठली नाही. मला वाटलं, ऐकलं नसेल. मी पुन्हा घेतलं.

चष्मेवालीने डोकं बाकावर टेकवलं. जिला हाक मारली ती उठली, बूट तिथेच टाकले आणि दाराबाहेर गेली. आणि मी, बाईच ती, दारात जाऊन तिच्या पाठीमागे तिसऱ्यांदा हाक मारली.

आँटी रोझ उठल्या. त्यांनी दार लावलं, फळ्यापाशी जाऊन तळहाताने शुक्रवारचं ते नाव पुसलं, आणि मला बाहेर नेलं.

"तिची आत्या गेली," त्या म्हणाल्या. "पोरीला तिचंच नाव दिलं होतं. आता ते नाव कोणी घ्यायचं नाही. बोलायचं नाही, लिहायचं नाही."

"किती दिवस?"

"घरचे सांगतील तेव्हा. वर्ष. जास्तही."

"मग तिला काय म्हणतात?"

"तिचे लोक खाली वाळवंटाकडचे. तिकडे कुमनजायी म्हणतात. ज्याचं नाव घेता येत नाही तो. तोवर."

"आँटी, मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितलं.

मला भयंकर लाज वाटली. दोन आठवडे मी त्या पोरीच्या मेलेल्या आत्याचं नाव रोज सकाळी खडूने लिहीत होते, आणि वर तीनदा ओरडले होते.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. त्या आठवड्यातही नाही. ब्रेटने मला ऑफिसात बोलावलं. "तिने आजीला सांगितलंय, शाळेत येणार नाही. आपल्या शाळेत एकदा गळालेलं मूल परत आणणं किती अवघड असतं, तुला दिसेलच. पुढच्या वर्षाचं आपण आठव्या आठवड्यात बोलू." त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. पण मला गोदामातली खोकी दिसली. त्याहून जास्त दिसली ती पोर, घरात बसून राहिलेली, बारा वर्षांची, आणि कारण मी.

संध्याकाळी आईला फोन लावला. नाशिकरोडला तेव्हा शाळा बंद, आई निवृत्त, बोलायला भरपूर वेळ. मी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "आई, पण आपण नाव घेतो ते मान द्यायलाच ना?"

"तुझ्या आजीने तुझ्या आजोबांचं नाव कधी घेतलं का गं?" आई म्हणाली.

"नाही. 'अहो' म्हणायची."

"चाळीस वर्षं 'अहो'च म्हटलं. पेन्शनच्या कागदासाठी साहेबाने विचारलं तेव्हा माझ्या कानात सांगितलं, मी साहेबांना सांगितलं. ते काय मान द्यायचा नव्हता म्हणून?"



"आणि तू काय घोकून ठेवलंयस ते मला सांगू नकोस," आई पुढे म्हणाली. "पोरीला घरी कोण आहे, ते सांग." मला तेही माहीत नव्हतं.

त्यावर मी जो उपाय काढला तो ऐकून कोणीही मराठी शिक्षक मान डोलवेल. हजेरी क्रमांक. नावंच घ्यायची नाहीत, एक ते तेवीस आकडे पुकारायचे, गणिताचा वर्ग म्हणून शोभूनही दिसेल. मी स्वतःवर खूश होऊन आँटी रोझना सांगितलं.

"माझ्या आईला लहानपणी सरकारने घरातून नेलं होतं, आमची पोरं तेव्हा नेत तसं," त्या म्हणाल्या. "सरकारी होममध्ये तिला नाव नव्हतं, नंबर होता. नंबर नको, मित्रा. दुसरं काहीतरी बघ."

नाव काढून घेतलं की काय उरतं, हे मला आजोबांच्या नातीला दुसऱ्या कोणी समजावून सांगावं लागलं. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये चहा घेतला नाही, गाडीत जाऊन बसले आणि चांगली रडले.

मग मी हजेरीच सोडली. सकाळी वर्गाच्या दारात उभी राहायची. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचं, मॉर्निंग म्हणायचं, चेहरा बघून लॅपटॉपवर खूण करायची. फळ्याचा कोपरा कोरा. पोरांना 'हजर, बाई'विना चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण कोणी मागितलं नाही.

कुंपणापाशी

तिच्या घरी जाऊन माफी मागावी असं माझं चाललं होतं. आँटी रोझ म्हणाल्या, "घरी जाऊ नकोस. शनिवारी नेटबॉलच्या मैदानावर तिची नाना येते. मी तिच्यापाशी बसते. तू ये. फार बोलू नकोस."

इथे नाना म्हणजे आजी. आपल्याकडचे धोतरातले नाना डोळ्यांपुढून घालवायला मला जरा वेळ लागला.

शनिवारी मी लोणच्याची बरणी घेऊन गेले. कुंपणाजवळ झाडाखाली दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. मी गवतावर बसले. कोणी ओळख करून दिली नाही, कोणी 'हाऊ आर यू' म्हटलं नाही. खेळ बघत बसलो. मला गप्प बसायची सवय नाही. आमच्याकडे पाहुणा दोन मिनिटं गप्प बसला तर त्याला बरं नाही असं समजून पाणी आणतात. वीस मिनिटं मी जीभ दाताखाली धरली.

मग नाना खेळाकडे बघतच म्हणाल्या, "सगळी नावं पाठ करणारी ती तूच."

"हो."

"कागदावरून."

"हो."

"कागदाला कळत नाही कोण गेलं ते."

"नाही," मी म्हणाले. "मी चुकले, नाना. मला वाईट वाटतंय. तिच्या आत्याचंही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "पोर तुझ्यावर रागावलेली नाही. तिला शेम झालंय. सगळे बघत होते ना." शेम म्हणजे नुसती लाज नाही, सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्या की जे होतं ते. मला लगेच कळलं, कारण मलाही त्या आठवड्यात तेच झालं होतं.

"मी आता हजेरी पुकारत नाही," मी सांगितलं. "दारात उभी राहते."

"रोझ म्हणाली." नानांनी बरणी उचलून झाकण उघडलं, वास घेतला, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "फार तिखट आहे," त्या म्हणाल्या, आणि बरणी आपल्या पिशवीत ठेवली.

सोमवारी ती दारात उभी होती. मी मॉर्निंग म्हटलं नाही. नुसती मान हलवली. तिने हनुवटी जराशी वर केली आणि आत जाऊन बसली. तिचे बूट मी कपाटात ठेवले होते, ते तिच्या बाकाखाली ठेवले. त्या तासाला अपूर्णांकांची बेरीज होती, आणि मला दोनदा चुकीचं उत्तर लिहिताना मुलांनी पकडलं.

आठव्या आठवड्यात ब्रेट म्हणाले, पुढचं वर्षही राहा.

पुढचं वर्ष

राहिले, त्याच मुलांबरोबर आठवीला. पाऊस शेवटी आला, आणि आला तो मार्चपर्यंत. शनिवारी परॅपच्या बाजारात लाक्सा खायची, नारळाचा तो रस्सा मला मालवणी वाटतो आणि माझ्या मालवणी मैत्रिणीला हे पटत नाही. आँटी रोझ मला कोणाला काय म्हणायचं ते शिकवत होत्या, आणि मी आता आधी विचारत होते.

ऑगस्टमध्ये डार्विनलाही थोड्या दिवसांचं लॉकडाऊन लागलं. मेलबर्नहून आलेली म्हणून स्टाफमध्ये मी एकदम अनुभवी झाले. रात्री लॅपटॉपवर वर्ग मांडून बघितला. प्रत्येक चौकोनाखाली शाळेच्या नोंदीतलं पूर्ण नाव दिसत होतं, तिच्याही. सकाळी तेच तेवीस घरांच्या पडद्यांवर झळकणार. ऑफिसला फोन केला, ते म्हणाले नोंद लगेच बदलता येत नाही. मग मी सकाळी सातला सगळ्यांच्या घरी निरोप पाठवला की आज वर्गात येण्याआधी आपल्याला हवं ते नाव लावायचं, गंमत म्हणून. नऊ वाजता समोर 'आंबा', 'मगर', 'मिस मित्राचा बॉस' असे सगळे बसले होते. तिच्या चौकोनाखाली फक्त एक टिंब होतं. मी शिकवायला सुरुवात केली.

वर्षाच्या शेवटी सीमा उघडणार असं ठरलं. आईला भेटून दोन वर्षं होऊन गेली होती. मी ब्रेटना सांगितलं की मी जाते, आणि मेलबर्नलाच शाळा बघते. डिसेंबरातल्या शेवटच्या दिवशी तास संपला, पोरं खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवून पळाली. मी फळा पुसत होते. आँटी रोझ कपाट आवरत होत्या.

ती दारात येऊन थांबली. वर्षभरात आणखी वीतभर वाढली होती, केस पुन्हा खांद्यापर्यंत.

"मिस, नाना म्हणते, झालं आता. आता म्हणू शकता."

"काय?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

मी आँटी रोझकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

पुसणं खाली ठेवलं, सरळ उभी राहिले, आणि रिकाम्या वर्गात ते घोकलेलं नाव पूर्ण घेतलं, पहिलं, मधलं, आडनाव. ते मी इथे लिहीत नाही. ते घ्यायची परवानगी मला मिळाली होती, कागदाला नाही.

तिने हनुवटी वर केली.

"हजर, बाई," ती म्हणाली.